सेमी ट्रेलर घेताना ॲक्सल कसे निवडायचे

ट्रेलर घ्यायला निघालं की पहिला प्रश्न असतो किती माल बसेल, पण खरं आधी बघायचं ते माल बसणार कुठे. लांबीभर पसरलेले खोके असतील तर हिशोब वेगळा, आणि स्टीलची कॉइल एकाच जागी ठेवायची असेल तर पूर्ण वेगळा, कारण काट्यावर नुसतं एकूण वजन बघत नाहीत, प्रत्येक ॲक्सल ग्रुपचं वेगळं बघतात.

अमेरिकेत इंटरस्टेटवर, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या महामार्गांवर, साधारण नियम असा: एका ॲक्सलला २०,००० पौंड, टँडमला म्हणजे जवळजवळ लावलेल्या दोन ॲक्सलना मिळून ३४,०००, आणि गाडीचं एकूण ८०,०००. स्टिअरवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या पुढच्या ॲक्सलवर, १२ हजार, ड्राइव्हवर, म्हणजे तिच्याच मागच्या टँडमवर, ३४ आणि ट्रेलरच्या टँडमवर ३४ धरले की बरोबर ८० होतात, म्हणून पाच ॲक्सलची गाडी सगळीकडे दिसते. वर ब्रिज फॉर्म्युला आहेच, पुलावर वजन थोड्या लांबीत एकवटू नये म्हणून, त्यामुळे पाच ॲक्सलवर पूर्ण ८० हजार न्यायचे तर पहिल्या आणि शेवटच्या ॲक्सलमध्ये ५१ फूट लागतात.

बंद बॉडीचा ड्राय व्हॅन असेल तर डोळे झाकून स्लायडिंग टँडम, म्हणजे मागे-पुढे सरकवता येणारं, घ्या. समजा काट्यावर स्टिअर ११,९००, ड्राइव्ह ३२,४०० आणि ट्रेलर ३५,२०० आलं, एकूण ७९,५०० म्हणजे आत आहे पण ट्रेलरचं टँडम १,२०० ने जास्त, मग पिना काढून टँडम मागे सरकवायचं, वजन ड्राइव्हवर जातं आणि दोन्हीकडे ३३,८०० च्या आसपास आणता येतं, माल उतरवायची गरजच नाही. पुढे सरकवलं की उलटं होतं. फक्त किती मागे न्यायचं यालाही मर्यादा आहे, कॅलिफोर्नियात ५३ फुटी ट्रेलरला किंगपिनपासून (ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडणारी पुढची पिन) शेवटच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंत ४० फूटच चालतात.

फ्लॅटबेडवर, म्हणजे उघड्या सपाट ट्रेलरवर, जड माल नेहमी असेल तर स्प्रेड ॲक्सल बघा. दोन ॲक्सलमध्ये १० फुटांपेक्षा थोडं जास्त अंतर ठेवलं की ते टँडम धरत नाहीत, दोघांना मिळून ४०,००० चालतात, म्हणजे सरळ ६,००० ची सूट, आणि कॉइल थोडी मागे बसली तरी जीव टांगणीला लागत नाही. पण अरुंद यार्डात गर्रकन वळवलं की टायर रस्त्यावर आडवे घासत जातात, रबर सोलून निघतं, म्हणून एका ॲक्सलची हवा सोडायचा डंप व्हॉल्व्ह असलेलं एअर सस्पेन्शनच घ्या, आणि वळण संपलं की हवा परत भरायला विसरू नका. गल्लीबोळातल्या डिलिव्हरीचं काम असेल तर मी स्प्रेड घ्या म्हणणारच नाही.

तिसरा ॲक्सल घ्यायचा मोह बऱ्याच जणांना होतो. परमिट नसेल तर एकूण मर्यादा ८० हजारच राहते, उलट ॲक्सल, ब्रेक, टायर यांचं वजन तुमच्या मालातून जातं. परमिटवर जड मशिनरी नेत असाल तरच तो घ्या, आणि शक्यतो लिफ्टवाला, रिकामं येताना उचलला की टायर वाचतात, ॲक्सल मोजून टोल घेतात तिथे पैसेही वाचू शकतात.

जुना ट्रेलर बघायला गेलात तर स्लायडरच्या पिना स्वतः ओढून बघा, गंजून अडकल्या असतील तर ते टँडम सरकणारं नाही, फिक्सच आहे असं समजून भाव करा.