गोदावरीचा पूर कानांनी वाचताना: चर्चासत्रासाठी आकडेवारीचे ध्वनिरूपांतर

विद्यापीठीय चर्चासत्रात आकडेवारी ऐकवायची असेल, तर सॉफ्टवेअर निवडण्याआधी प्रश्न निवडावा, आणि तो कानाने सुटण्याजोगा असावा. अमुक दिवशी नेमका किती मिलिमीटर पाऊस झाला, हे तक्त्यावरून चटकन कळते. कानाला ते जमत नाही. मात्र कोणती गोष्ट आधी घडली, कोणती मागून आली आणि वाढीचा वेग कुठे बदलला, हे कान फार बारकाईने टिपतो. शस्त्रक्रियागृहातील पल्स ऑक्सिमीटरचा स्वर रक्तातील ऑक्सिजन घटताच खाली उतरतो आणि भूलतज्ज्ञाला पडद्याकडे न पाहताही बदल कळतो, तो याच क्षमतेमुळे.

नाशिकमध्ये असा प्रश्न समोरच आहे. त्र्यंबकेश्वर परिसरातील पाऊस, गंगापूर धरणातून सोडलेला विसर्ग आणि होळकर पुलापाशी गोदावरीची पातळी, या तीन मालिका एकत्र घ्याव्यात आणि विचारावे: पाऊस वाढल्यानंतर किती वेळाने शहरात पाणी चढते, आणि धरण मधल्या काळात काय बदल घडवते? ऑगस्ट 2019 च्या पुराचे दिवस यासाठी योग्य ठरतील.

येथे कालांतराची निवड निर्णायक ठरते. जून ते सप्टेंबर या 122 दिवसांचे दैनिक आकडे घेऊन प्रत्येक दिवसाला अर्धा सेकंद दिला, तर संपूर्ण पावसाळा 61 सेकंदांत ऐकता येतो; पण काही तासांचा विलंब दैनिक आकड्यांत दिसणार नाही, मग ऐकू तरी कसा येणार? म्हणून पुराच्या 5 दिवसांचे तासागणिक आकडे मिळवावेत. त्या 120 नोंदी त्याच गतीने बरोबर एका मिनिटात वाजतात, आणि श्रोत्यांना एकाच बैठकीत त्या तीन-चार वेळा ऐकता येतात.

त्यानंतर आकड्यांना स्वर द्यावेत. आकडा थेट हर्ट्झमध्ये बदलण्याचा मोह टाळावा, कारण वारंवारता दुप्पट झाली की कानाला एक सप्तक चढल्यासारखे वाटते. 100 वरून 200 हर्ट्झवर जाणे आणि 400 वरून 800 हर्ट्झवर जाणे ही कानाच्या लेखी सारखीच झेप आहे. त्यामुळे आकडेवारी मिडी स्वरांकांवर, म्हणजे संगणकी संगीतात प्रत्येक अर्धस्वराला एकेक याप्रमाणे दिलेल्या क्रमांकांवर, समप्रमाणात बसवावी. मालिकेतील किमान मूल्याला 48 आणि कमाल मूल्याला 72 हा अंक द्यावा. मधल्या मूल्यातून किमान मूल्य वजा करून, त्याला एकूण व्याप्तीने भागून, 24 ने गुणून 48 मिळवले की त्याचा स्वर मिळतो. हे गणित कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये होते, आणि सॉनिक पाय हे विनामूल्य सॉफ्टवेअर 60.5 सारखे अपूर्णांकी स्वरही वाजवते.

स्वर कानाला गोड लागावेत म्हणून ते भूप रागात बसवण्याची सूचना कोणी ना कोणी करतेच. सा, रे, ग, प, ध या पाच स्वरांत काहीच खटकत नाही, हे खरे. परंतु दोन सप्तकांत जेमतेम दहा-अकरा पायऱ्या उरतात आणि पाण्याची संथ चढ त्यांत हरवते. शिवाय राग स्वतःचा भाव घेऊन येतो, आणि तो भाव आकड्यांचा नसतो. अभ्यासाच्या टप्प्यावर राग बाजूला ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

तिन्ही मालिकांना सहज वेगळे ओळखता येणारे ध्वनी द्यावेत: पावसाला कोरडे आघात, विसर्गाला हार्मोनियमसारखा लांबणारा स्वर, पातळीला बासरी. मुख्य मूल्य आवाजाच्या मोठेपणावर सोपवू नये, कारण मागच्या रांगेत तो फरक पोहोचत नाही; डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये मालिका वाटणेही सभागृहात निरुपयोगी ठरते. गहाळ नोंद म्हणजे शून्य पाऊस नव्हे. शून्याला सर्वांत खालचा स्वर आणि गहाळ नोंदीला लाकडी ठोका द्यावा.

आलेखाला जसा अक्ष असतो, तसा ध्वनीलाही लागतो. नाशिककर पुराची उंची गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून सांगतात: पाणी पायाशी, कमरेला, गळ्याशी. या खुणांशी जुळणारी पातळी माहीत करून घेऊन त्यांचे तीन स्वर सुरुवातीला स्वतंत्रपणे वाजवावेत. मग बासरी त्या स्वरापर्यंत चढली की पाणी कुठवर आले, हे श्रोत्याला सांगावे लागत नाही.

प्रत्यक्ष सत्रात आलेख आधी दाखवू नये. प्रथम प्रत्येक मालिका सुटी, मग तिन्ही एकत्र ऐकवून श्रोत्यांना कागदावर लिहू द्यावे: आधी काय चढले, मागून काय, विसर्ग सुरू होण्यापूर्वी बासरी हलली का? त्यानंतर याच नोंदींचा क्रम विस्कटून तयार केलेली दुसरी फीत, ती कोणती हे न सांगता वाजवावी. दोहोंतील फरक बहुतेकांना ओळखता आला नाही, तर दोष श्रोत्यांच्या कानाचा नसून स्वरयोजनेचा असतो. ती तेथेच बदलून पुन्हा ऐकवावी. आलेख शेवटी दाखवावा आणि लिहिलेली उत्तरे त्याच्याशी ताडून पाहावीत. ज्यांना ऐकू येत नाही अशा सहभागींना मात्र तो पहिल्यापासूनच द्यावा.

ध्वनिफीत वितरित करताना मूळ तक्ता, किमान-कमाल मूल्ये, एका नोंदीचा कालावधी आणि गहाळ नोंदींची खूण हे सारे सोबत जोडावे, म्हणजे दुसऱ्या कोणालाही तीच फीत नव्याने तयार करून तपासता येईल.