संत्र्याच्या सालीचं तेल बुरशी मारतं का? घरीच टेस्ट करून बघा

नागपुरात पावसाळा लागला की कपाटात, चपलांवर, मसाल्याच्या डब्यात बुरशी येतेच आणि मग कोणीतरी सांगतंच, संत्र्याच्या सालीचं तेल लावा, नॅचरल आहे. पण बघा ना, संत्र्यावर जी हिरवी बुरशी चढते ती त्या तेलाने भरलेल्या सालीवरच तर चढते! या तेलात ९० टक्क्यांच्या वर लिमोनीन असतं, वास मस्त, चिकट डाग काढायला एक नंबर, पण बुरशीपुढे एकटं लिमोनीन कमजोर पडतं. खरी ताकद ओव्याच्या तेलातल्या थायमॉलची, गवती चहातल्या सिट्रालची, लवंगेतल्या युजेनॉलची. थायमॉल बुरशीच्या पेशीच्या पडद्यात घुसतं, पडदा गळायला लागतो आणि आतलं सगळं बाहेर झिरपतं.

आता टेस्ट. बेकरीतला साधा ब्रेड घ्या, पॅकेटवाला नको, त्यात बुरशी रोखायचं प्रिझर्व्हेटिव्ह आधीच असतं. काचेच्या तीन सारख्या बरण्या, प्रत्येकीत अर्धी स्लाइस, वरून पाण्याचे दोन-चार थेंब, आणि स्लाइस तासभर उघड्या ठेवा म्हणजे हवेतले बीजाणू, म्हणजे बुरशीचे डोळ्याला न दिसणारे कण, त्यावर बसतात. झाकणाला आतून टिश्यूचा तुकडा चिकटवा, एकावर काहीच नाही, दुसऱ्यावर संत्र्याचं तेल, तिसऱ्यावर ओव्याचं, थेंब मात्र सारखेच, चार-पाच पुरे. बिनतेलाची बरणी वगळू नका हं, ती नसेल तर तेलामुळे बुरशी आली नाही की मुळात येणारच नव्हती हे कसं कळणार? तेल घेताना लेबलवर झाडाचं शास्त्रीय नाव बघा, नुसतं फ्रॅग्रन्स ऑइल लिहिलं असेल तर ते कामाचं नाही. इतवारीत जडीबुटीच्या दुकानात ओव्याचं फूल मिळतं, अमृतधारेत टाकतात ते, ते म्हणजे थायमॉलचेच खडे, हवं तर चौथ्या बरणीत तेही बघा.

बरण्या सावलीत ठेवा, रोज बाहेरूनच फोटो काढा. ओव्याची स्लाइस स्वच्छ राहिली तर ती चिमट्याने बिनतेलाच्या नव्या बरणीत टाका, तिथे बुरशी उगवली म्हणजे तेलाने तिला नुसतं थांबवलं होतं, मारलं नव्हतं.

ही तेलं पातळ न करता अंगाला लावू नका, गॅसजवळ नेऊ नका, लहान मुलं आणि मांजरीपासून लांब ठेवा. बुरशी आलेल्या बरण्या उघडून वास घेऊ नका, झाकणासकट पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.