इंग्रजी जोडशब्द: आधी सांधा शोधा, मग आघात द्या

न्यूजपेपर, बास्केटबॉल हे शब्द मराठी वळणाने बोलताना आपण प्रत्येक सिलॅबलवर, म्हणजे एका स्वराभोवतीच्या उच्चाराच्या तुकड्यावर, जवळपास सारखाच जोर देतो. इंग्रजी कानाला तिथेच अडखळायला होतं.

आधी सांध्यावर तोडा: न्यूज + पेपर, बास्केट + बॉल. मग एकेक तुकडा फोडा: न्यूज-पे-पर, बास-किट-बॉल. मोजायचे ते ऐकू येणारे स्वर. 'समटाइम्स'च्या स्पेलिंगमध्ये स्वर चार, सिलॅबल मात्र दोनच. सांधा बोलतानाही जपावा लागतो. 'नाइट-रेट'मधला ट पुढच्या र ला चिकटला की रात्रीच्या दराचं 'नायट्रेट' होतं. काही जुन्या शब्दांत मात्र सांधा पुसला गेलाय: 'कपबोर्ड' लिहितात, म्हणतात 'कबड'.

आता आघात, म्हणजे सिलॅबलवरचा जोर. डिक्शनरीत आघाताच्या सिलॅबलआधी वर ˈ अशी खूण असते, तीच इथे वापरू. जोडनामात आघात बहुधा पहिल्या शब्दावर येतो. ˈग्रीनहाउस म्हणजे रोपांचं काचघर, ग्रीन ˈहाउस म्हणजे हिरवं घर. ˈइंग्लिश टीचर इंग्रजी शिकवतात. इंग्लिश ˈटीचर इंग्लंडचे असतात, विषय कोणताही असो. पहिला शब्द म्हणजे पहिलं सिलॅबल नव्हे, इथे फार जण चुकतात. 'पोलीस'चा आघात 'लीस'वर आहे, म्हणून जोडशब्दही पˈलीसमन. त्यातला 'मॅन' दबून 'मन' होतो, पोस्टमनमध्येही तसंच.

आघात म्हणजे नुसतं ओरडणं नाही. त्या सिलॅबलवर सूर चढवा, स्वर जरा लांबवा आणि पुढचा शब्द खालच्या सुरात संपवा. 'ˈब्लॅकबोर्ड'मध्ये 'बोर्ड'चा स्वर पूर्ण राहतो, सूर तेवढा उतरतो.

अपवाद पाठच करावेत. पहिला शब्द वस्तू कशाची बनलीय ते सांगत असेल तर आघात सहसा दुसऱ्यावर: कॉटन ˈशर्ट, ॲपल ˈपाय. पण ज्यूस आणि केक हा नियम पाळत नाहीत: ˈऑरेंज ज्यूस, ˈॲपल केक. रस्त्यांच्या नावांतही असाच भेद आहे, ˈऑक्सफर्ड स्ट्रीट पण ऑक्सफर्ड ˈरोड. ओल्ड-ˈफॅशन्डसारख्या विशेषणांत आघात दुसऱ्यावर असतो, पुढे नाम आलं की तो अनेकदा मागे सरकतो: ˈओल्ड-फॅशन्ड ˈड्रेस.

डिक्शनरीत मूळ शब्दाच्या मधे छापलेले ठिपके ओळ कुठे तोडावी हे दाखवतात. सिलॅबलसाठी शेजारचा उच्चार पाहा.