स्पर्धेआधी ट्रिगर: गावाकडच्या नेमबाजाची तयारीची यादी

नागपूरच्या स्पर्धेला किमान पंधरा दिवस असतानाच ट्रिगरच्या जुळवणीला हात लावायचा, त्यानंतर स्क्रू फिरवायचा नाही. बोटाला नव्या ओढीची सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच.

१० मीटर एअर पिस्तुलाला ट्रिगरचं वजन, म्हणजे तो सुटायला लागणारी ओढ, किमान ५०० ग्रॅम लागतं. गावात चाचणीचं वजन मिळत नाही, म्हणून कापडी पिशवीत तूर भरायची, तारेचा आकडा लावायचा आणि आकड्यासकट सोनाराच्या काट्यावर ५२० ग्रॅम करून घ्यायची. वरचे २० ग्रॅम आपल्या निर्धास्तपणासाठी. छर्रा न भरता, पण हवेचा दाब चढवून, नळी सरळ आभाळाकडे धरायची, आकडा ट्रिगरच्या मधोमध अडकवायचा आणि पिशवी टेबलावरून सावकाश उचलायची. पिशवी अधांतरी राहिली आणि ट्रिगर सुटला नाही तर जमलं. स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर असंच होतं, तीन प्रयत्न मिळतात. नेमांची शेवटची मालिका संपल्यावरही अचानक तपासणी होते, आणि तिथं वजन पेललं नाही तर नेमबाज थेट बाद होतो. त्यामुळे ५०० वर घासून जाणारा ट्रिगर मला कधीच पटत नाही.

माझ्या मते हलकेपणापेक्षा ट्रिगर स्वच्छ सुटणं जास्त मोलाचं आहे. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये पहिल्या टप्प्यात बरंचसं वजन घ्यावं, दुसऱ्यात थोडं ठेवावं. भिंत, म्हणजे दुसरा टप्पा सुरू होतानाचा अडथळा, बोटाला स्पष्ट लागली पाहिजे आणि तिथून पुढे रखडत जायला नको. स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा पिशवी लावायची, वहीत नोंद करायची. सुटल्यानंतर ट्रिगर मागे फार जात असेल तर स्टॉपचा स्क्रू आवळावा, पण इतका नाही की ट्रिगर सुटायच्या आधीच अडेल. मग रोज घराच्या कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर ओढायचा सराव.

परवान्याचं रिव्हॉल्वर असेल तर घरी कानस लावू नका, स्प्रिंग कापू नका. २५ मीटर सेंटर फायर या प्रकाराला रिव्हॉल्वर चालतं, तिथं ट्रिगरचं वजन किमान १००० ग्रॅम लागतं. मुख्य स्प्रिंग नरम केली की घोडा गोळीच्या बुडाच्या टोपीवर हलका पडतो आणि गोळी पेटत नाही. घोडा अडकवून धरणारी खाच जास्त घासली गेली तर चढवलेला घोडा नुसत्या धक्क्यानंही पडू शकतो, आणि समोर माणूस असू शकतो. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. तेव्हा परवानाधारक कारागिराकडेच जा आणि आपले कागद सोबत ठेवा.

निघायच्या आदल्या रात्री पिशवीचं वजन आणखी एकदा उचलून पाहा. बॅगेत सरावातल्याच डब्यातले छर्रे, अॅलन की, कानाचे प्लग आणि वही. एअर पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरची मुदत आणि दाब बघून घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून भरलेला सिलिंडर बंद गाडीत ठेवू नका. एसटीत बॅग सावलीच्या बाजूला, पायाशी घ्या.