मोठ्या ट्राउटचे दुर्गम सरोवर कसे शोधावे

दुर्गम सरोवर म्हटले की त्यात मोठे मासे असणारच, असे गळाने मासेमारी करणारे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात उंचावरच्या कित्येक सरोवरांत एक तर मासेच नसतात, किंवा असतात ते वीतभर लांबीचे आणि हडकुळे. हिमनद्यांनी कोरलेल्या अशा सरोवरांतून निघणारे ओढे बहुधा धबधब्यांवरून खाली कोसळतात आणि ते धबधबे चढून मासे वर येऊ शकत नाहीत; त्यामुळे तेथे ट्राउट (थंड, स्वच्छ पाण्यात राहणारा मासा) आढळलाच, तर बहुतेक वेळा तो माणसाने कधीतरी सोडलेल्या बीजापासून आलेला असतो. पुढे तो किती वाढतो, हे खाणारी तोंडे किती आणि अन्न किती यावर ठरते. अमेरिकेच्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेतील बनी लेक या सरोवरात ब्रूक ट्राउट ही जात 24 वर्षांपर्यंत जगल्याची नोंद आहे, आणि तरीही तेथील मासे खुजेच राहिले. म्हणून शोध घ्यायचा तो मासे थोडे आणि खाद्य मुबलक असलेल्या पाण्याचा.

पहिले काम घरी बसून करायचे आहे. त्या भागातील मत्स्यव्यवसाय विभागाकडे कोणत्या सरोवरात कोणत्या जातीची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) कोणत्या वर्षी सोडली, याच्या नोंदी असतील तर त्या मागवाव्यात आणि परवाना व मासेमारीचा हंगाम यांची चौकशीही त्याच वेळी उरकावी. नोंदी वाचताना जातीकडे विशेष लक्ष द्यावे. ब्रूक ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतो आणि तळातून झऱ्याचे पाणी वर येणारी वाळू-खडी मिळाली तर सरोवरातच त्याची पैदास होते, त्यामुळे त्याची दाटी लवकर होते. रेनबो आणि कटथ्रोट या ट्राउटच्या जातींना मात्र अंडी घालण्यासाठी साधारणपणे खडीवरून वाहते पाणी लागते. ज्या सरोवराला असा ओढा नाही आणि जेथे काही वर्षांपूर्वी थोडीच बोटुकली सोडली होती, ते माझ्या मते यादीत सर्वांत वर असावे. फार जुनी नोंद मात्र धोक्याची, कारण पैदास होत नसेल तर तोवर सारे मासे मरून गेलेले असू शकतात.

त्यानंतर नकाशा आणि उपग्रह छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. काठाजवळ समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) दाट असतील, तर पाणी तेथे एकदम खोल होत असण्याची शक्यता असते. खोली महत्त्वाची आहे, कारण हिवाळ्यात बर्फाच्या थरावर हिम साचले की पाण्यात उजेड शिरत नाही, वनस्पतींकडून प्राणवायू तयार होणे थांबते आणि उथळ सरोवरातील मासे वसंत येण्यापूर्वीच गुदमरतात. पण नुसती खोली पोट भरत नाही. छायाचित्रात गडद निळ्या भागाला लागून फिकट, हिरवट पट्टा दिसला तर आनंद मानावा. तो वनस्पती वाढलेला उथळ भाग असू शकतो, आणि तसे असेल तर किडे-अळ्या तेथेच पोसतात. दुधाळ फिरोजी रंगाचे पाणी हिमनदीने दळलेल्या बारीक भुकटीचे असते आणि त्यात अन्न कमी असते, म्हणून अशी सरोवरे मी यादीतून सरळ वगळतो. भूगर्भीय नकाशा उपलब्ध असेल तर चुनखडीचा प्रदेशही पाहावा, कारण कवचधारी जीवांना लागणारे कॅल्शियम तेथील पाण्यात भरपूर असते.

बर्फ नुकताच वितळून काठ मोकळे झाल्यानंतरचे काही आठवडे जाण्यासाठी उत्तम असतात. त्या काळात मासे काठालगत आणि ओढ्याच्या मुखाशी खाद्य शोधत फिरतात. त्या दिवसांत वाटेतील हिम भुसभुशीत आणि ओढे फुगलेले असतात, म्हणून ते सकाळी लवकर ओलांडावेत आणि परतीची वेळ आधीच ठरवावी.

सरोवरावर पोहोचताच गळ टाकण्याचा मोह आवरावा. काठाच्या पाण्यातील मुठीएवढा दगड उचलून उलटा करावा. त्याच्या ओल्या पोटाला वाळूचे कण चिकटवून केलेल्या, काडीच्या तुकड्यासारख्या नळ्या दिसल्या, तर त्यांत कॅडिस माशीच्या अळ्या असतात. आणि शेवाळाची मूठ हलवताच कोळंबीसारखे वाकडे, करडे जीव आडवे पळाले, तर ते गॅमेरस होत. ट्राउटला झपाट्याने वाढवणारे आणि त्याच्या मांसाला केशरी रंग देणारे हे खाद्य सापडले, तर त्या सरोवराला पूर्ण दिवस द्यावा.

मग पोलराइज्ड (पाण्यावरची चकाकी कमी करणारा) चष्मा घालून, सूर्य पाठीशी ठेवून, पण आपली सावली पाण्यावर पडू न देता, उंचावरील खडकाआड बसावे. मोठा ट्राउट अनेकदा काठालगत ठरावीक फेरी मारतो, आणि तो पुन्हा येण्याची वेळ लक्षात आली की त्याच्या वाटेवर आमिष आधीच पोहोचवता येते. तो समोरून जात असताना फेकलेला गळ त्याला पळवून लावतो. पाण्यावर छोट्या माशांना उसळ्या मारताना पाहून हुरळून जाऊ नये, कारण सतत उसळणारे लहान मासे बहुधा दाटीचेच लक्षण असतात.

मासा परत सोडायचा असेल, तर गळाचा काटा उलटा दात नसलेला वापरावा, हात ओले करावेत आणि मासा पाण्याबाहेर काही क्षणांहून अधिक ठेवू नये. थंड पाण्यात वाढ मंद असते, त्यामुळे असा एक मासा गेला तर त्याची जागा भरायला वर्षे लागतात. एका सरोवरातला मासा दुसऱ्यात कधीही नेऊन सोडू नये, कारण मूळ मासेविरहित पाण्यातील बेडूक त्यामुळे नाहीसे होतात. आणि पुढच्या सरोवराकडे निघण्यापूर्वी बुटांचा चिखल धुऊन ते पूर्ण वाळवावेत.