लिनक्सवर कॉपी-पेस्टचा कोड लिहिताय? या चुका टाळा

चार ओळींची पायथन स्क्रिप्ट. जीटीके या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीच्या क्लिपबोर्डवर मजकूर ठेवला, स्क्रिप्ट संपली. एडिटरमध्ये जाऊन पेस्ट केलं तर काहीच येत नाही. मग माणूस कॉपीच्या त्या ओळीकडे तासन्‌तास बघत बसतो. ओळ बरोबरच असते, समजूत चुकलेली असते.

एक्स११ मध्ये, म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेत, मजकूर साठवणारा डबा कुठेच नाही. कंट्रोल-सी दाबल्यावर तुमचं ॲप एक्स सर्व्हरला एवढंच कळवतं की ‘क्लिपबोर्ड’ या सिलेक्शनचा (मजकूर मागण्यासाठी ठरलेल्या नावाचा) मालक आता मी. मजकूर ॲपकडेच राहतो. कुणी पेस्ट केलं की तुमच्याकडे मागणी येते, आणि तेव्हा कुठे तो हातून सुटतो. मालकच उठून गेला तर देणार कोण?

एक्सक्लिप ही कॉपी करणारी कमांड वापरून पाहा. कमांड लगेच परत येते, पण मागे एक प्रोसेस जिवंत राहते आणि दुसरा कुणी मालक होईपर्यंत मागण्या पुरवत बसते. आपल्या ॲपला एवढं थांबायचं नसेल, तर बंद होण्याआधी मजकूर क्लिपबोर्ड मॅनेजरच्या (कॉपी केलेलं सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) हवाली करावा. जीटीके ३ मध्ये त्यासाठी ‘स्टोअर’ची सोय आहे, मात्र मॅनेजर चालूच नसेल तर तिचा उपयोग नाही. ॲप चालू असूनही मुख्य थ्रेड जड कामात अडकला असेल, तर मागणीला उत्तर जात नाही आणि पेस्ट करणारी खिडकी ताटकळते. खापर मात्र तिच्यावर फुटतं.

मराठीत काम करणाऱ्यांना सर्वांत जास्त छळणारी चूक फॉरमॅटची. एक्स११ मधला ‘स्ट्रिंग’ हा प्रकार लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय अक्षरांचा संच) आहे, त्यात देवनागरी बसतच नाही. एक्सलिब या एक्स११च्या मूळ लायब्ररीवर थेट लिहिताना तोच तेवढा दिलात, तर ‘नमस्कार’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. ‘यूटीएफ८-स्ट्रिंग’ हा युनिकोडचा प्रकार द्यायलाच हवा, आणि ‘टार्गेट्स’ची, म्हणजे कोणकोणते प्रकार देता येतील याची, मागणी आली की तो यादीत दाखवायलाही हवा. चाचणी इंग्रजी मजकुरावर करून थांबू नका. एखादं जोडाक्षर पेस्ट करून बघाच.

माउसने निवडून मधल्या बटणाने चिकटवतो ते ‘प्रायमरी’, कंट्रोल-व्हीचं ते ‘क्लिपबोर्ड’. दोन्ही वेगळी सिलेक्शन्स आहेत, एकातला मजकूर दुसऱ्यात ढकलू नका. मोठी चित्रं एका दमात जात नाहीत, त्यांना ‘इन्क्र’ पद्धतीने तुकडे करून पाठवावं लागतं. क्यूटी (जीटीकेसारखीच लायब्ररी) आणि जीटीके हे स्वतःच करतात.

एक्स११ची जागा घेणाऱ्या वेलँडवरही मालकीचा हिशोब तोच, नियम अधिक कडक. सिलेक्शन घेताना वापरकर्त्याच्या ताज्या क्लिकचा किंवा कळ दाबल्याचा सीरियल नंबर द्यावा लागतो, त्यामुळे टायमरवरून गुपचूप केलेली कॉपी बहुधा वाया जाते. मजकूर पाइपमधून, म्हणजे दोन प्रोसेसना जोडणाऱ्या वाहिनीतून, जातो. घेणाऱ्याने पाइप मध्येच बंद केला, तर ‘सिगपाइप’ (बंद पाइपमध्ये लिहिल्यावर येणारा सिग्नल) न हाताळणारं तुमचं ॲप जागीच मरतं. आणि स्वतःचाच मजकूर स्वतःच पेस्ट करताना त्याच थ्रेडवर वाचत थांबलात, तर लिहायला कुणीच उरत नाही, खिडकी गोठते. मालक आपणच आहोत का, हे आधी तपासा आणि तसं असेल तर पाइपच्या वाटेला जाऊ नका.