बेळगावात नांदायला आलेल्यांसाठी: बाँडवरची सोडचिठ्ठी आणि कोर्टाचा घटस्फोट

आजऱ्याहून मी बेळगावात नांदायला आले त्याला तेवीस वर्षं झाली. नवीन आलेल्या मुलींना बाजारहाट, कन्नड आकडे, रेशनकार्ड सगळं समजावून सांगणाऱ्या बायका इथे गल्लोगल्ली भेटतात. संसार मोडायची वेळ आली तर काय करायचं, हे मात्र कुणी बोलत नाही. अभद्र वाटतं. माझ्या धाकट्या नणंदेची पाच वर्षं त्या न बोलण्यात गेली, म्हणून मी बोलते.

तिचं सासर चंदगड तालुक्यात, म्हणजे शिनोळी ओलांडली की आलंच. पटेना, तेव्हा दोन्हीकडची वडीलधारी बसली. बाँडवर सोडचिठ्ठी लिहिली, सह्या झाल्या, नोटरीचा शिक्का पडला. सुटली एकदाची, असं घरात सगळ्यांनाच वाटलं. पाच वर्षांनी दुसरं स्थळ आलं तेव्हा वकिलांनी तो कागद वाचला आणि परत दिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट कोर्टाच्या हुकुमानेच होतो. समाजात काडीमोडाची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते आणि ते अवघड असतं. त्या बाँडच्या भरवशावर दुसरं लग्न लावलं असतं तर ते कायद्याने लग्नच ठरलं नसतं, वर गुन्हा झाला असता तो वेगळाच.

नुसतं माहेरी येऊन राहिलं म्हणूनही लग्न संपत नाही, दहा वर्षं झाली तरी. कोर्टाकडून न्यायिक विभक्तता घेता येते. त्यात लग्न कायम राहतं, एकत्र राहण्याचं बंधन सुटतं. त्या हुकुमानंतर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. पोटगीसाठी घटस्फोटाची वाट पाहू नका. वकील अजून ‘एकशे पंचवीस’ म्हणतात ते पोटगीचं कलम १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं आहे. तो अर्ज बाई राहते तिथल्या कोर्टात चालतो. मारहाण असेल, घराबाहेर काढत असतील, तर २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी त्यात राहण्याचा हक्क आणि अंगावरचं स्त्रीधन त्याखाली मागता येतं.

आता सीमेचं. इथल्या बाईने हे नीट समजून घ्यायलाच हवं. घटस्फोटाचा अर्ज लग्न लागलं तिथे, दोघं शेवटचं एकत्र राहिले तिथे किंवा समोरचा राहतो तिथे करता येतो. अर्ज बायकोचा असेल तर ती राहते तिथेही करता येतो. ही सोय २००३ मध्ये आली. म्हणजे इकडे कर्नाटकातलं बेळगाव आणि पलीकडे महाराष्ट्रातलं गडहिंग्लज, दोन्ही कोर्टं कायद्याने बरोबर असू शकतात. पण नवऱ्याने पलीकडे आधी दावा घातला आणि तो इकडे आणायचा असेल, तर दोन राज्यांमधली बदली फक्त सुप्रीम कोर्ट करतं. तासाभराच्या वाटेवरच्या कोर्टातली केस हलवायला अर्ज दिल्लीत! म्हणून घरातली भांडणं कोर्टाकडे वळताहेत असं दिसलं की बैठकांत महिने घालवू नका, वकिलाला लवकर भेटा. पलीकडची नोटीस आली तर ती घ्या. परत पाठवली म्हणून केस थांबत नाही, तुमच्या गैरहजेरीत निकाल लागू शकतो.

दोघांची संमती असेल तर वाट सोपी. आधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं, मग दोघांनी पुन्हा कोर्टापुढे जायचं. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं. हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. पैसे, दागिने, मुलांच्या भेटी हे सगळं अर्जातच लिहून घ्या. ‘नंतर बघू’ला होकार देऊ नका.

इथल्या खालच्या कोर्टात कामकाज कन्नड आणि इंग्रजीत. मराठी समजणारे वकील बेळगाव, खानापूर, निपाणीत भरपूर आहेत. तुमच्या नावाने लिहिलेला प्रत्येक कागद मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही नको, वकील कितीही घाईत असोत. मराठी कागदांचं भाषांतर लागतं. जुन्या दाखल्यांवर ‘बेळगाव’ आणि २०१४ नंतरच्यांवर ‘बेळगावी’, लग्नाआधीचं नाव आणि नंतरचं, हे फरक वकिलांना पहिल्याच दिवशी दाखवा.

फीची धास्ती असेल तर एक लक्षात ठेवा. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, फोन १५१००. अडचणीत महिला हेल्पलाइन, १८१.

मुस्लिम, ख्रिस्ती आणि स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली लग्न केलेल्यांचे घटस्फोटाचे कायदे वेगळे आहेत. हिंसाचाराचा कायदा आणि पोटगीचं कलम १४४ मात्र सगळ्यांसाठी.

नणंदेचं लग्न आमच्या दारातच लागलं होतं, म्हणून संमतीचा अर्ज बेळगावातच झाला. हुकूम हातात आला त्या दिवशी तिने सर्टिफाइड नकलेच्या तीन प्रती मागितल्या. अपिलाची मुदत सरेपर्यंत नव्या स्थळाकडच्या पाहुण्यांना थांबायला सांगितलं, आणि ते थांबले.